बंदी आणि तजवीज

प्रशासनात आदेश दोन तऱ्हेचे निघतात. एकात काय करावयाचे नाही ते सांगितलेले असते, दुसऱ्यात कशाची सोय करावयाची ते. पहिला आदेश लिहावयास सोपा. वर संदर्भ, मध्ये एक परिच्छेद, खाली सही आणि माहितीसाठी सात-आठ ठिकाणी प्रती. दुपारच्या टपालात तो रवाना होऊ शकतो. दुसऱ्यास जमीन लागते, पैसा लागतो, आखणी लागते आणि ती आखणी तडीस जाईपर्यंत तिच्यामागे उभी राहणारी माणसे लागतात. साहजिकच कोणत्याही कचेरीच्या दप्तरात पहिल्या तऱ्हेचे कागद जास्त सापडतात. त्यांपैकी टिकले किती, हे मात्र सहसा कोणी मोजत नाही.

मोजून पाहण्याची एक चांगली सोय इतिहासाने अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील एका बेटावर करून ठेवली आहे. तेथे एकाच काळात, एकाच प्रश्नावर हे दोन्ही उपाय योजले गेले. प्रश्न होता मोटारींचा. मोटारींवर कायद्याने घातलेली बंदी थोड्याच वर्षांत उठली. मोटारींच्या वाटेस न जाता हिंडता यावे म्हणून बांधलेले रस्ते मात्र शंभर वर्षांनंतरही वापरात आहेत. ज्या वाहनासाठी ते बांधले, ती घोड्यांची बग्गी आता जवळपास नाहीशी झाली. तरीही त्यांवरून दर उन्हाळ्यात असंख्य माणसे सायकलीने फिरतात. बॉस्टन किंवा न्यू यॉर्ककडे स्थायिक झालेल्या मराठी वाचकांपैकी काहींनी अकेडिया राष्ट्रीय उद्यानातले हे रस्ते पाहिलेही असतील. त्यांच्या मागची प्रशासकीय हकीकत सहसा कोणाला ठाऊक नसते, म्हणून ती येथे मांडतो.

बेटाचे नाव माउंट डेझर्ट. ते मेन या राज्यात मोडते. १६०४ च्या सप्टेंबरात सॅम्युएल द शांप्लें हा फ्रेंच दर्यावर्दी त्या किनाऱ्याने जात असता त्याला डोंगरांचे उघडेबोडके खडकाळ माथे दिसले आणि त्याने 'उजाड डोंगरांचे बेट' अशा अर्थाचे नाव देऊन टाकले. बेट तसे उजाड मुळीच नव्हते. माथे सोडले तर खाली घनदाट अरण्य होते, हिमनद्यांनी कोरलेली लांबट तळी होती, आणि वाबानाकी लोक हजारो वर्षांपासून तेथे मासेमारी, शिकार व वस्ती करीत होते. सर्वांत उंच माथा, म्हणजे आजचा कॅडिलॅक डोंगर, ४६६ मीटरांचा. सह्याद्रीच्या हिशेबाने ही टेकडीच. पण ती समुद्रातून जवळजवळ सरळ वर येते, त्यामुळे तिचा रुबाब मोठा वाटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला टॉमस कोल याच्यासारखे चित्रकार येथे आले. त्यांची चित्रे पाहून शहरांतील हौशी पाहुणे आले, कोळ्यांच्या व शेतकऱ्यांच्या घरी उतरू लागले. त्यांच्या पाठोपाठ हॉटेले आली, आणि शतक सरता सरता फिलाडेल्फिया, न्यू यॉर्क व बॉस्टन येथील गर्भश्रीमंतांनी बार हार्बर या गावाभोवती उन्हाळी बंगले उठवले. ज्यांना ते विनयाने 'कॉटेज' म्हणत, ते प्रत्यक्षात वाडे होते. बेटाची लोकसंख्या अशा रीतीने दोन भागांत विभागली गेली: बारा महिने राहणारे आणि दोन-तीन महिने येणारे. पुढच्या सर्व घडामोडींत ही दुफळी ध्यानात ठेवावी लागते.

मोटारगाडी अवतरली तेव्हा उन्हाळी मंडळींना ती नकोशी झाली. त्यांचा दिवस घोड्यावर, बग्गीत आणि पायवाटांवर जात असे. धूळ, आवाज आणि बिचकणारे घोडे यांनी त्यांच्या सुखात बिब्बा घातला असता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राज्याच्या विधिमंडळाकडून अधिकार मिळवून बेटावर मोटारींना बंदी करण्यात आली. कागदावर काम चोख झाले. पण बारमाही रहिवाशांना मोटार ही चैन वाटत नव्हती. डॉक्टरला दूरच्या रोग्याकडे जायचे होते, दुकानदाराला माल न्यायचा होता, हॉटेलवाल्याला गिऱ्हाईक हवे होते. दोन महिने राहणाऱ्यांच्या शांततेसाठी बारा महिने राहणाऱ्यांनी अडचण का सोसावी, हा त्यांचा सवाल रास्त होता. बंदी आधी सैल झाली, आणि १९१५ साली उरलीसुरलीही संपली. ज्यांच्यावर ती लादली गेली त्यांना तिच्या बदल्यात काहीच मिळाले नव्हते. तेव्हा तिच्या बाजूने उभे राहण्याचे त्यांना कारणही नव्हते.

याच सुमारास त्याच बेटावर दुसरी एक खटपट चालू होती. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांचा त्याच नावाचा मुलगा भूरचनाकार होता. सुंदर जमिनी विकत वा दानाने घेऊन त्या लोकांसाठी कायम राखणारी विश्वस्त संस्था असावी, ही कल्पना त्याने मॅसॅच्युसेट्स राज्यात १८९१ साली प्रत्यक्षात आणली. १८९७ मध्ये, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी तो वारला. पित्याने मुलाचे कागद वाचले, आणि १९०१ साली माउंट डेझर्टवरील शेजाऱ्यांना बोलावून तशीच संस्था स्थापन केली. १९०३ साली तिला राज्याची सनद मिळाली. संस्थेचे रोजचे काम अंगावर घेतले ते जॉर्ज डॉर या अविवाहित, सधन आणि विलक्षण चिकाटीच्या गृहस्थाने. डोंगर, झरे, तळ्यांचे काठ असे एकेक तुकडे करून त्याने जमिनी जमवल्या; १९१३ पर्यंत संस्थेजवळ सुमारे सहा हजार एकर जमीन झाली.

आणि १९१३ सालीच विधिमंडळात संस्थेची सनद रद्द करण्याचा प्रस्ताव आला. डॉर तातडीने राजधानी ऑगस्टाला धावला आणि त्याने तो हाणून पाडला. पण त्याला पुढचे दिसले. जी सनद एका मतदानाने मिळते ती दुसऱ्या मतदानाने जाऊ शकते. यंदा वाचली, पुढच्या खेपेस वाचेलच असे नाही. म्हणून त्याने जमिनी थेट संघराज्य सरकारला द्यायचे ठरवले. सरकारला फुकट जमीन देणे वाटते तितके सोपे नसते, हे महसूल खात्यात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. मालकीहक्काचा प्रत्येक दस्त निर्वेध असल्याची खात्री वॉशिंग्टनला हवी होती. दोन वर्षे त्यात गेली. अखेर ८ जुलै १९१६ रोजी अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी त्या जमिनीस राष्ट्रीय स्मारक घोषित केले. २६ फेब्रुवारी १९१९ रोजी तिचे लाफायेत राष्ट्रीय उद्यान झाले, आणि १९२९ मध्ये त्याला अकेडिया हे आजचे नाव मिळाले. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील हे पहिले राष्ट्रीय उद्यान. पश्चिमेकडील मोठी उद्याने सरकारी जमिनीतून कोरून काढलेली होती. हे मात्र खाजगी दानातून उभे राहिले. डॉर त्याचा पहिला अधीक्षक झाला. जमिनी घेण्यात त्याने आपली वडिलोपार्जित संपत्ती खर्चून टाकली. १९४४ साली तो वारला तेव्हा त्याच्या डोळ्यांना जवळपास दिसेनासे झाले होते.

आता या कथेतील मुख्य पात्र येते, आणि त्याच्या आगमनात मोठा विरोधाभास आहे. मोटारींपासून मुक्त रस्ते ज्याने बांधले तो जॉन डी. रॉकफेलर धाकटा हा स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या संस्थापकाचा मुलगा होता. म्हणजे ज्या तेलावर जगातल्या मोटारी धावणार होत्या, त्याच तेलाच्या पैशातून हे रस्ते झाले. १९१० साली त्याने बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर सील हार्बर येथे घर घेतले. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्याच्या वडिलांची कंपनी फोडली गेली, आणि १९१३ साली मुलाने बेटावर आपल्या पहिल्या बग्गीमार्गाचे काम सुरू केले. ते काम १९४० पर्यंत चालले.

रॉकफेलरला रस्ते बांधण्याची हौस होती असे म्हणणे कमीच होईल. त्याला त्या कामाची जाण होती. क्लीव्हलँडजवळच्या आणि न्यू यॉर्क राज्यातल्या आपल्या मालमत्तांवर वडील बग्गीचे रस्ते काढीत तेव्हा तो त्यांच्याबरोबर शिकला होता. एकूण ५७ मैल, म्हणजे सुमारे ९२ किलोमीटर रस्ते त्याने काढले. त्यांपैकी ४५ मैल आज उद्यानाच्या हद्दीत आहेत. रुंदी साधारण सोळा फूट. तळाशी मोठे दगड, त्यावर मध्यम खडी, वर बारीक खडीचा थर, आणि मधोमध सहा-आठ इंचांचा उंचवटा, जेणेकरून पावसाचे पाणी दोन्ही अंगांना वाहून जावे. बाजूला रुंद चर, जागोजागी दगडी मोऱ्या, उताराच्या कडेला संरक्षक भिंती. कठड्यासाठी ओळीने बसवलेले ओबडधोबड ग्रॅनाइटचे दगड इतके ठळक दिसतात की लोकांनी त्यांना 'रॉकफेलरचे दात' असे नाव दिले. आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्यातील जुने उपअभियंते रस्त्याबद्दल एकच गोष्ट सांगतात: रस्त्याचा शत्रू गाडी नाही, पाणी आहे. बेटावरील रस्त्यांचा प्रत्येक तपशील हेच वाक्य डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे.

आखणी डोंगराच्या कलाने जाते. डोंगर फोडून सरळ जाण्याऐवजी रस्ता वळसा घेतो, चढ घोड्याला दम लागणार नाही इतपत ठेवतो, आणि नेमक्या ठिकाणी झाडी बाजूला होऊन समुद्र किंवा तळे समोर येते. वाटेतील ओढे आणि दऱ्या ओलांडण्यासाठी सतरा पूल झाले. त्यांपैकी सोळांचा खर्च रॉकफेलरने केला. पहिला १९१७ सालचा, गोट्यांनी मढवलेला. पुढे बेटावरच्याच ग्रॅनाइटमध्ये, वेल्स बॉसवर्थ आणि चार्ल्स स्टॉटन या वास्तुकारांनी एकेका जागेसाठी एकेक वेगळा पूल रचला. काम झाल्यावर उघड्या पडलेल्या कडांवर काय लावायचे हे बिॲट्रिक्स फॅरंड ही नामवंत उद्यानरचनाकार सांगत असे. तिने तेथीलच ब्लूबेरीची झुडपे आणि रानटी रोपे सुचवली. त्यामुळे नवा रस्ता काही वर्षांतच जुना, जागेवरच उगवल्यासारखा दिसू लागला.

हे सारे निर्विवाद पार पडले असे समजू नये. १९२० च्या सुमारास जॉर्ज व्हार्टन पेपर या, तेथेच उन्हाळा घालवणाऱ्या आणि पुढे पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर झालेल्या वकिलाने हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे की, डोंगराच्या अंतर्भागापर्यंत रस्ते नेले की रान हे रान राहत नाही. जेथे पायी चालणाऱ्यालाच पोहोचावे अशा जागा शिल्लक असल्या पाहिजेत. हा आक्षेप फेटाळण्याजोगा नव्हता. अँफिथिएटर नावाच्या दरीतली आखणी रॉकफेलरने त्या विरोधामुळे थांबवली आणि बऱ्याच वर्षांनी पुरी केली. वाद वॉशिंग्टनपर्यंत गेला. १९२४ साली राष्ट्रीय उद्याने ज्यांच्या अखत्यारीत येत, त्या खात्याचे मंत्री ह्यूबर्ट वर्क स्वतः बेटावर आले, त्यांनी जागा पाहिली आणि काम पुढे चालू ठेवण्यास संमती दिली. दौरा करून निर्णय देण्याची ही रीत आज जुनी वाटेल. पण नकाशावर रेघ पाहणे आणि त्या रेघेवरून चालणे यात जे अंतर आहे ते ज्यांनी कधी स्थळपाहणी केली त्यांना माहीत आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, एका धनाढ्याने आपल्या घोड्यांसाठी रस्ते बांधले, यात प्रशासनाने शिकण्यासारखे काय? शिकण्यासारखे पुढे आहे. १९१५ नंतर मोटारी बेटावर आल्या होत्या, आणि उद्यान जनतेचे असल्यामुळे जनता मोटारीने येणार हे उघड होते. या वेळी रॉकफेलरने बंदीची मागणी केली नाही. मोटारींसाठी वेगळा, चांगला आणि निसर्गरम्य रस्ता व्हावा यासाठी त्याने हातभार लावला. फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड धाकटा याच्याकडून आखणी करवली, जमिनी दिल्या, पैसा घातला. उद्यानाभोवती फिरणारा सुमारे २७ मैलांचा वर्तुळ-रस्ता हळूहळू तयार झाला. १९३१ साली कॅडिलॅकच्या माथ्यापर्यंत जाणारा मोटाररस्ताही पुरा झाला; त्यासाठी सरकारी पैसा वापरला गेला. जेथे मोटारींची वाट आणि बग्गीची वाट एकमेकींस छेदतात तेथे शक्यतो पूल घालून त्या वेगळ्या केल्या. स्टॅन्ली ब्रुकच्या पुलावरून बग्गीमार्ग जातो आणि कमानीखालून मोटारी. बग्गीमार्गांच्या तोंडाशी, जॉर्डन तळ्याजवळ आणि ब्राउन माउंटनपाशी, १९३२ मध्ये दोन देखणी फाटकघरे उभी राहिली.

फाटक हे बंदीचेच रूप आहे, हे खरे. पण या फाटकापाशी अडलेल्या मोटारवाल्याला जाण्यासाठी दुसरी वाट होती, आणि ती वाईट नव्हती. माथ्यावरचा सूर्योदय त्याला गाडीतून उतरताच पाहता येत होता. त्यामुळे बंद फाटकाविरुद्ध मोर्चा नेण्याचे त्याला कारण उरले नाही. पहिली बंदी ज्या ठिकाणी मोडली, नेमके तेच ठिकाण दुसऱ्या वेळी मजबूत करण्यात आले होते.

बांधलेली गोष्ट टिकण्यासाठी याहून आणखी एक तजवीज लागते, आणि तिची उणीव पुढे भासली. १९४७ च्या ऑक्टोबरात बेटावर भयंकर वणवा लागला. सतरा हजारांहून अधिक एकर क्षेत्र जळाले, त्यांतील दहा हजारांवर एकर उद्यानातले होते. बार हार्बरच्या लक्षाधीशांच्या रांगेतील ६७ वाडे भस्मसात झाले, आणि १७० कायम रहिवाशांची घरेही. उन्हाळी वैभवाचा तो जमाना जवळजवळ तेथेच संपला. दगडी रस्ते आणि पूल राहिले. १९६० साली रॉकफेलर वारला. तोवर रस्त्यांच्या देखभालीवर त्याची माणसे राबत असत: चर उकरणे, मोऱ्यांतला पाला काढणे, खडी ओढून सारखी करणे. आता तो भार उद्यान सेवेवर आला, आणि उद्यान सेवेजवळ इतक्या कामाला पुरेल एवढी माणसे नव्हती.

पुढे काय झाले ते आपल्या वाचकांना न सांगताही कळेल. चर बुजले. मोऱ्या तुंबल्या. रस्त्याच्या पाठीवरचा उंचवटा झिजून सपाट झाला, मग खोलगट झाला, आणि पाणी कडेने जाण्याऐवजी मधूनच वाहू लागले. बारीक खडी वाहून गेली, खालचे मोठे दगड उघडे पडले. मुद्दाम मोकळे राखलेले देखावे झाडांनी झाकले गेले. १९८० च्या दशकात जाड टायरांच्या सायकली बाजारात आल्या आणि सायकलस्वारांची रीघ लागली. म्हणजे वापर वाढला त्याच वेळी रस्ता खचत होता. एकही अपघात, एकही कोसळलेला पूल असे बातमीजोगे काही घडले नाही. देखभालीतील हेळसांड अशीच असते. ती कोणत्याही एका आर्थिक वर्षात दिसत नाही.

या टप्प्यावर जे केले गेले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. १९८६ साली 'फ्रेंड्स ऑफ अकेडिया' ही नागरिकांची संस्था स्थापन झाली होती. १९८९ मध्ये रस्त्यांचा सविस्तर ऐतिहासिक अभ्यास करून मूळ रचना काय होती, ती कोठे कशी बिघडली, हे नोंदवण्यात आले. मग संस्था आणि उद्यान सेवा यांच्यात एक समजुतीचा सौदा झाला. सरकारने बांधकाम निधीतून पुनरुज्जीवनाचा खर्च करावा, आणि संस्थेने लोकांकडून निधी गोळा करून तो कायम ठेव म्हणून गुंतवावा. त्याच्या उत्पन्नातून दरवर्षी देखभाल व्हावी. १९९२ ते १९९५ या काळात रस्ते जवळपास मूळ स्थितीत आणले गेले. त्याचबरोबर देखभालीची प्रमाणके ठरली. तेव्हापासून संस्था दरवर्षी दोन लाख डॉलरांहून अधिक रक्कम या रस्त्यांसाठी देत आली आहे. स्वयंसेवक पाला उपसण्यासाठी येतात. वसंतात बर्फ वितळून जमीन मऊ झाली की रस्ते काही आठवडे बंद ठेवले जातात, म्हणजे चाकांनी आणि पावलांनी पृष्ठभाग उखडू नये.

उद्घाटनाला पाहुणे मिळतात, चर साफ करण्यास मिळत नाहीत. हा जगभरचा अनुभव आहे. अंदाजपत्रकात नव्या कामांचे शीर्षक वेगळे आणि दुरुस्तीचे वेगळे असते, आणि कात्री प्रथम दुसऱ्याला लागते. कायम निधीची युक्ती या कात्रीतून रस्त्याला सोडवते. त्यासाठी रॉकफेलरएवढा एक दाता लागत नाही, पुष्कळ लहान दाते चालतात. हेही त्या निधीने दाखवून दिले.

आज सायकलस्वाराला तेथे काय मिळते? हल्स कोव्ह येथील अभ्यागत केंद्रापासून एक दमछाक करणारा चढ चढून तो विच होल तळ्याकडे जातो. तेथून डक ब्रुकचा तीन कमानींचा पूल, मग ईगल तळ्याची सुमारे सहा मैलांची प्रदक्षिणा. या तळ्याचे पाणी बार हार्बर गाव पिते, म्हणून त्यात पोहण्यास मनाई आहे. दक्षिणेस बबल तळे, जॉर्डन तळे, आणि दम असेल तर डोंगराला वेढा घालणारी सुमारे अकरा मैलांची वाट. प्रत्येक तिठ्यावर क्रमांक लिहिलेला लाकडी खांब आहे. नकाशावर तोच क्रमांक असतो, त्यामुळे चुकण्याचा प्रश्न येत नाही. मागून भोंगा वाजत नाही. दहा वर्षांचे मूल आईबापांच्या पुढे निघून गेले तरी कोणी ओरडत नाही. मुंबई, पुणे, बंगळूर वा दिल्लीत मूल वाढवलेल्या माणसाला या एका गोष्टीची किंमत सांगावी लागत नाही.

अर्थात तजवीज यशस्वी झाली की ती स्वतःचे प्रश्न घेऊन येते. सायकली वाढल्या तशी पायी चालणाऱ्यांची आणि घोडेस्वारांची तक्रार वाढली. मग सायकलींसाठी ताशी २० मैलांची मर्यादा आली, आणि घोड्याला वाट देण्याचा नियम आला. २०१९ साली वीजेच्या सायकलींचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा पायडल मारल्याशिवाय न चालणाऱ्या पहिल्या वर्गाच्या सायकलींपुरती परवानगी देण्यात आली. उद्यानाबाहेर उरलेल्या, खाजगी जमिनीवरील बग्गीमार्गांवर मात्र चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना मुभा असून सायकलींना मनाई आहे. आणि सर्वांत मोठी अडचण अशी की, मोटारमुक्त रस्त्यावर सायकल चालवायला येणारी बहुतेक माणसे सायकल मोटारीवर लादूनच येतात. त्यासाठी १९९९ पासून बेटावर मोफत बससेवा सुरू झाली, तिच्याबरोबर सायकली वाहून नेणारी गाडीही. २०२१ साली उद्यानात चाळीस लाखांहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या, आणि त्याच वर्षीपासून हंगामात कॅडिलॅकच्या माथ्यावर गाडी नेण्यास आगाऊ नोंदणी करावी लागते. बेटापासून पाण्यापलीकडे असलेल्या स्कूडिक द्वीपकल्पावर, उद्यानाच्याच भागात, २०१५ मध्ये ८.३ मैलांच्या नव्या सायकलवाटा खुल्या झाल्या. गर्दी वाटून देण्याचा तोही एक उपाय.

एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. ज्या जमिनीचे दस्त डॉरने निर्वेध करून दिले, त्यांत वाबानाकी लोकांच्या वापराला कोठेही स्तंभ नव्हता. ते उन्हाळ्यात बार हार्बरला येत, ॲशच्या लाकडी पट्ट्यांच्या टोपल्या विकत आणि परत जात. ज्या बेटावर त्यांच्या पूर्वजांच्या वस्त्या होत्या तेथे ते पाहुणे ठरले. सार्वजनिक हिताची व्याख्या कोण करतो, यावर सार्वजनिक हित अवलंबून असते. ही टीप आपल्या अभयारण्यांच्या फायलींनाही लागू पडते.

आपल्याकडील उदाहरण म्हणून माथेरानचे नाव कोणालाही सुचेल. तेथे मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, आणि ती बंदी अनेक पिढ्या टिकली आहे. मग वर मांडलेला सिद्धांत चुकीचा ठरतो का? मला तसे वाटत नाही. माथेरानच्या बंदीला १९०७ पासून नेरळच्या छोट्या रेल्वेची जोड होती. म्हणजे तेथे बंदीबरोबर तजवीजही होती. जेथे तजवीज अपुरी पडली तेथे बंदीचा भार माणसांच्या खांद्यावर आला. नाक्यापासून वर म्हातारी माणसे आणि रोगी हातरिक्षांतून ओढून नेले जात राहिले. ओढणाऱ्यांच्या जागी ई-रिक्षा आणाव्यात की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २०२५ साली न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ती प्रथा थांबवण्याचा आदेश दिला. शांत हवेची किंमत कोण मोजत होते, हे इतकी वर्षे आपण सारे पाहत होतो.

तेव्हा एखाद्या किनाऱ्यावर, टेकडीवर किंवा गावाच्या जुन्या पेठेत मोटारींना मनाई करण्याचा प्रस्ताव टेबलावर आला, तर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत असे माउंट डेझर्टचा इतिहास सुचवतो. ज्याला अडवणार आहोत त्याला जाण्यासाठी दुसरी वाट कोणती दिली? मनाईचा बोजा कोणाच्या अंगावर पडणार आहे, आणि त्याचे म्हणणे ऐकले का? आणि वीस वर्षांनी, आपली बदली होऊन गेल्यावर, या वाटेच्या मोऱ्या कोण साफ करणार, कोणत्या शीर्षातून? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरे बहुधा टिपणीत सापडतात. तिसऱ्यासमोर जागा कोरी असते. ती भरल्याखेरीज फाइल पुढे जाऊ देऊ नये.